पिवळं काडतूस

दुकानाची पाटी गेली, खिळे राहिले.
उद्यमनगरच्या मागच्या बोळात
दस्तगीर शिकलगार, बंदूक दुरुस्ती, परवानाधारक:
ही अक्षरं आता फक्त मला पाठ आहेत.

अब्बा आकड्यांत बोलायचे. बारा, सोळा, वीस.
"पौंडभर शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या,
त्यातली एक जिच्यात बसंल ती बाराची नळी.
वीस केल्या तर गोळी बारीक, नळी बारीक.
म्हंजे बघ, आकडा मोठा तेवढं तोंड ल्हान.
माणसातबी असत्यात अशी."
मी दहा वर्षांची. ओरडायचे, "आलो अब्बा, चहा घेऊन आलो,"
कोल्हापूरच्या पोरी बोलतात तसं.

फळीवर तीन डबे.
एकात कागदी पुंगळ्या, राधानगरीच्या ओलीनं फुगलेल्या,
रुसलेल्या जावयासारख्या दारातच अडणाऱ्या.
एकात प्लॅस्टिकच्या, लाल.
आणि पितळी. त्यांच्यावर त्यांचा जीव.

"बार झाला की पितळ फुगतं,
नळीला चारी अंगानं चिकटतं, धूर मागं येऊ देत न्हाई,
आणि लगीच अंग चोरून सुटतं.
लोखंड फुगलं की फुगूनच बसतं."

पितळालाही खोड होती.
अब्बांचे आजोबा सांगत, पलटणीच्या पागेलगतच्या पेट्यांत
पावसाळाभर काडतुसं तडकत,
ना ठोका, ना बार.
घोड्यांच्या मुताची वाफ
पितळाच्या आतला ताण हुडकून काढायची.
(पुढे आयटीआयच्या पुस्तकात हे सापडलं.
त्यात घोडे नव्हते. नुसता अमोनिया.)

त्या वर्षी गगनबावड्याकडून चौगल्यांच्या अक्काताई आल्या.
गोधडीत गुंडाळलेली दुनळी, पिशवीत परवान्याचे कागद,
वरच मालकांच्या मृत्यूचा दाखला.
"डुकरांनी ऊस लोळवलाय. मला शिकवा."

बिस्किटांच्या डब्यात तीस लाल काडतुसं
आणि एक पिवळं.
अब्बांनी पिवळं उचललं. "हे कुणाचं?"
"मालकांचंच की. दोन हुती. बसत्यात.
काल मी एक घालून बघितलं, सुळकन आत गेलं."

अब्बांनी बंदूक मोडून दाराच्या उजेडाकडं धरली.
एका नळीतून समोरची पिठाची गिरणी दिसली,
पट्टा, डबे, रांगेतली बाई.
दुसरीतून काहीच नाही.

मला त्यांनी बाहेर पाठवलं.
परत बोलावलं तेव्हा बाकावर दोन पिवळी होती
आणि अब्बा घाम पुसत होते.
"वीसचं हाय हे. बाराच्या नळीत घसरून फुडं अडकतं.
मागनं बघितलं तर रिकामी वाटती.
मग तुम्ही लाल घालता..."
पुढचं ते बोलले नाहीत.

जरा वेळानं विचारलं, "घरात वीसची बंदूक हाय?"
"न्हाई."
"मग हे आणलं कशापायी?"
अक्काताई पिवळ्याकडं बघत राहिल्या.
पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.
"कळ्याच्या अंगाला असंल," म्हणाल्या. "तिच्याकडं."
गिरणी बंद पडली होती तेव्हा,
त्यामुळं सगळं ऐकू आलं.

आता शिरोलीत माझ्या टेबलावर गेज आहे.
एक बाजू जायलाच हवी, दुसरी जाता कामा नये.
दोन्ही गेल्या तर पेटीभर माल परत.
नवी पोरं वैतागतात, "मॅडम, जातंय की हो आत!"
मी काही बोलत नाही, लाल खूण करते.

अब्बांनी पैसे घेतले नाहीत. पिवळी ठेवून घेतली.
गोधडी बांधता बांधता अक्काताई थांबल्या.
"एकदा मला बघू द्या."
त्यांनी मोडलेली बंदूक दाराकडं धरली,
एक डोळा मिटला, मग दुसरी नळी.
बराच वेळ.
"दिसतीय," म्हणाल्या,
"दोन्हीकडनं."